हमरस्त्यावरील विजेचीं ठाणीं आणि रस्त्यालगतचा शेतकरी

हमरस्त्यालगत ज्यांच्या जमिनी आहेत अशा आमच्या कित्येक सभासदांकडून गेल्या वर्षभरांत एकच प्रश्न वारंवार विचारला जात आहे. विजेच्या मोटारींसाठीं चार्जिंग स्टेशन काढावयाचें आहे, तेव्हां रस्त्याकडची चार-सहा गुंठ्यांची पट्टी नऊ वर्षांच्या करारानें द्या, असें सांगणारे लोक दारीं येतात; पट्टी द्यावी कीं न द्यावी? प्रश्न वरवर पाहतां भाड्याचा दिसतो. परंतु तो नीट सोडवावयाचा तर हें ठाणें म्हणजे काय, तेथें थांबणाऱ्या प्रवाशास काय हवें असतें, आणि आज त्याची अडचण कोठें होते, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. ज्या धंद्यांतील गिऱ्हाइकाची गरज आपणांस ठाऊक नाहीं त्या धंद्यास जमीन देणें म्हणजे डोळे मिटून कागदावर अंगठा उठविण्यासारखें आहे. महसूल खात्यांत कारकुनी करतांना असे अंगठे आम्हीं पुष्कळ पाहिले. म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीहून एका गोष्टींत अगदीं निराळी आहे. पेट्रोल पांच मिनिटांत भरतां येतें. वीज भरण्यास वेळ लागतो. गांवांतल्या गांवांत किंवा तालुक्यापर्यंत जाऊन येणाऱ्यास त्याचें कांहींच वाटत नाहीं, कारण तो रात्रीं घरीं गाडी लावून ठेवतो व सकाळीं ती भरलेली असते. अडचण उत्पन्न होते ती लांबच्या प्रवासांत. जुन्या काळीं टप्प्याटप्प्यावर घोडे बदलीत, तेव्हां वाटसरूस कोठें थांबावयाचें हें घरून निघतांनाच ठाऊक असे. विजेच्या मोटारीचा प्रवासी पुन्हां त्याच स्थितींत आला आहे.

पेट्रोलच्या मोटारींचा आरंभही याहून फारसा निराळा नव्हता. जर्मनींत कार्ल बेंझ यांनीं मोटार बनविली, पण ती घेऊन पहिला लांबचा प्रवास केला तो त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनीं, १८८८ च्या ऑगस्टांत. मानहाइमहून फॉर्झहाइमपर्यंतचें अंतर सुमारें १०० किलोमीटर. वाटेंत इंधन संपत आलें, तेव्हां वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून डाग काढण्याचें द्रावण विकत घेऊन त्यांनीं गाडी पुढें नेली. पंप हे मोटारींच्या मागून आले, आधीं नव्हे. म्हणून आज ठाणीं अपुरीं आहेत एवढ्यावरून विजेच्या मोटारींचें कांहीं खरें नाहीं असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. परंतु ठाणीं अपुरीं आहेत हेंही तितकेंच खरें.

आतां हिशेब पाहूं. आपल्या इकडे दिसणाऱ्या मध्यम विजेच्या मोटारीच्या बॅटरींत सुमारें ४० युनिट वीज मावते असें धरा. ताशीं ८० किलोमीटरांच्या वेगानें एका युनिटांत सुमारें ७ किलोमीटर, १०० च्या वेगानें ६, आणि १२० च्या वेगानें अवघे ५ किलोमीटर जाणें होतें. कारण वेग वाढला कीं वाऱ्याचा अडथळा त्याहून कितीतरी अधिक प्रमाणांत वाढतो. दुसरी गोष्ट अशी कीं, रस्त्यांत बॅटरी पूर्ण भरीत कोणी बसत नाहीं. पोत्यांत धान्य भरतांना आरंभीं तें सपाट्यानें जातें, पण शेवटची पायली ठोकून ठोकून बसवावी लागते. तसेंच विजेचें आहे. शेंकडा ८० भागांपर्यंत बॅटरी लवकर भरते, पुढें गति मंदावते. म्हणून शहाणा प्रवासी शेंकडा १० उरले असतां थांबतो, ८० झाले कीं निघतो. म्हणजे दर थांब्यास २८ युनिट पदरांत पडतात, व त्यांस ५० ते ६० किलोवॅटच्या यंत्रावर पाऊण तास ते एक तास लागतो.

मुंबई व नागपूर यांच्यामधील समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरांचा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला आणि इगतपुरी ते आमणें हा शेवटचा भाग जून २०२५ मध्यें. या रस्त्यावर सपाट प्रदेशांत ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. वर सांगितलेली मोटार घरून पूर्ण भरून निघाली व १२० च्या वेगानें हांकली तर पहिल्या दमांत १८० किलोमीटर जाईल व पुढें दर थांब्याअंतीं १४०. म्हणजे चार थांबे घ्यावे लागतील. चालण्याचे ५ तास ५० मिनिटें आणि थांबण्याचे ४ तास मिळून ९ तास ५० मिनिटें झालीं. तीच मोटार १०० च्या वेगानें हांकली तर पहिल्या दमांत २१६ व पुढें १६८ किलोमीटर जाईल, आणि तीनच थांब्यांत काम भागेल. चालण्याचे ७ व थांबण्याचे ३ मिळून १० तास. एवढी धांवपळ करून वांचलीं तीं दहा मिनिटें! आणि चार थांब्यांपैकीं एका जागीं यंत्र बंद निघालें किंवा रांग लागलेली असली म्हणजे तीं दहा मिनिटें तर जातातच, वर तासही जातो.

या हिशेबांतील शेवटचें वाक्य महत्त्वाचें आहे. ठाणीं किती आहेत यापेक्षां तीं चालू किती आहेत हा प्रवाशाचा खरा प्रश्न होय. सरकारी धोरणांत अंतराचा विचार झालेला आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयानें डिसेंबर २०१८ मध्यें जीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं त्यांत हमरस्त्यांवर दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांस एक ठाणें असावें, आणि लांब पल्ल्याच्या व जड वाहनांसाठीं दर १०० किलोमीटरांस मोठ्या शक्तीचें ठाणें असावें, असें म्हटलें होतें. महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या धोरणांतही हमरस्त्यांवर २५ किलोमीटरांचेंच अंतर धरलें आहे; शिवाय समृद्धि महामार्ग, मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग व अटल सेतु यांवर विजेच्या मोटारींस टोलमाफी जाहीर झाली. हें सर्व योग्यच झालें. परंतु नकाशावर टिंब काढणें निराळें आणि त्या टिंबापाशीं वीज मिळणें निराळें.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही पुतण्याच्या विजेच्या मोटारींतून विदर्भांतून नाशिककडे आलों. फोनवरच्या नकाशांत ज्या ठाण्यावर दोन यंत्रें दाखविलीं होतीं तेथें एकावर "बंद आहे" अशी चिठ्ठी लटकत होती व दुसऱ्यापाशीं आमच्या आधीं दोन मोटारी होत्या. आमची पाळी येण्यास एक तास चाळीस मिनिटें लागलीं. पाळी आली तेव्हां त्या कंपनीचें ॲप फोनमध्यें उतरवून घ्यावें, त्यांत आधीं पैसे भरावे, मग यंत्र सुरू होईल, असा प्रकार. आणि तेथें फोनची रेंज येत-जात होती. वर छप्पर नाहीं, जवळ शौचकूप नाहीं, ऊन तर वैशाखाचें. आमच्यापुढील मोटारींत एक म्हातारी बाई व दोन लहान मुलें होतीं. तीं मोटारीच्याच सांवलींत बसून होतीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं असाच प्रसंग पुन्हां आला असतां, परंतु जुन्या रस्त्यावरील एका ढाब्याच्या मालकानें, जो स्वतः शेतकरीच होता, आपल्या दुकानाच्या वीजजोडणीवरील पंधरा अँपिअरचा साधा सॉकेट आम्हांस दिला. दोन तासांत सुमारें सहा युनिट भरलीं, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटरांची सोय झाली व आम्ही पुढच्या गांवीं सुखरूप पोंचलों. त्या दोन तासांत आम्हीं तेथें जेवण केलें, ताक दोन वेळां मागविलें, आणि निघतांना त्याच्याकडून पांच किलो गूळ घेतला. वीज त्यानें दिली ती थोडक्या रुपयांची. कमाई झाली ती इतर गोष्टींवर.

या अनुभवांत आम्हांस सबंध धंद्याचें मर्म दिसलें. प्रवाशास हवें असतें तें चालू यंत्र, आणि तें चालत असतां घालविण्याजोगा एक तास. यंत्र बसविणाऱ्या कंपन्यांचें लक्ष पहिल्या गोष्टीवर असतें (तेंही सदैव नव्हे), आणि दुसऱ्या गोष्टीकडे तर बहुधा कोणाचेंच नसतें. ती दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या हातची आहे. चिंचेची वा आंब्याची सांवली, माठाचें पाणी, स्वच्छ शौचकूप, ताजें जेवण, हंगामाप्रमाणें पेरू, संत्रीं, हुरडा किंवा गूळ. पेट्रोल भरून पांच मिनिटांत निघून जाणारा प्रवासी हें कांहींच घेत नव्हता. तासभर थांबणारा घेईल.

परदेशांत हा अनुभव घेऊन झाल्यावर कायदे झालेले आहेत. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेला कायदा एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्याप्रमाणें मुख्य मार्गांवर दर ६० किलोमीटरांस ठाणें असावें, आणि नव्या मोठ्या यंत्रांवर कोणत्याही ॲपवांचून, साध्या बँकेच्या कार्डानें पैसे देतां आले पाहिजेत. अमेरिकेंत सरकारी मदतीनें उभारलेल्या ठाण्यांस २०२३ सालीं अशी अट घातली गेली कीं, यंत्र वर्षांतून शेंकडा ९७ भाग वेळ चालू राहिलें पाहिजे. म्हणजे वर्षाकांठीं अकरा दिवसांहून अधिक तें बंद राहतां कामा नये. नॉर्वेंत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊ केवळ विजेच्या होत्या; तेथील लोक काय आपल्याहून कमी लांबचा प्रवास करतात? त्यांच्या थंडींत तर बॅटरी अधिकच लवकर उतरते. तेथें ठाण्यांची खात्री आली आणि मग घरांतील एकुलती एक मोटारही लोकांनीं विजेची घेतली.

आतां शेतकऱ्याच्या बाजूस येऊं. पहिला विचार विजेचा. चार्जिंगचें ठाणें काढण्यास वीज विकण्याचा परवाना लागत नाहीं, हें केंद्र सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें स्पष्ट केलेलें आहे. कोणासही तें काढतां येतें. परंतु लोड किती लागतो तें पहा. आपला पांच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारें पावणेचार किलोवॅट. ६० किलोवॅटचें एक यंत्र म्हणजे असे सोळा पंप एकदम सुरू करणें होय. शिवारांतील डी.पी. बहुधा ६३ किंवा १०० के.व्ही.ए.ची असते, तिच्यावर आधींच किती पंप आहेत आणि पाळीच्या वेळीं तिची काय दशा होते हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. म्हणून अशा ठाण्यास स्वतंत्र डी.पी. हवी, आणि ती शेतीच्या फीडरवर असून उपयोग नाहीं, कारण शेतीच्या फीडरवर वीज ठराविक तासच मिळते. प्रवासी कांहीं रात्रपाळीच्या पाण्याची वाट पहात बसणार नाहीं.

येथें एक गोष्ट निक्षून सांगणें अवश्य वाटते. शेतीपंपाच्या जोडणीवरून कोणाची मोटार भरून देऊं नये. ज्या कामासाठीं जोडणी घेतली त्याहून निराळ्या कामास ती वापरणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, व त्याची आकारणी दुप्पट दरानें होते. चार्जिंगच्या ठाण्यांसाठीं आपल्या राज्यांत २०१८ पासून दराची वर्गवारीच निराळी आहे. तीच जोडणी मागावी. २०२४ च्या फेब्रुवारींत झालेल्या नियमांप्रमाणें, नवी लाइन ओढावी लागत नसेल तर, ग्रामीण भागांत पंधरा दिवसांत जोडणी मिळावयास पाहिजे. लाइन ओढावी लागली तर मुदत अधिक, व खर्च कोण सोसणार हा प्रश्न निघतो. तो करारांत आधींच ठरवावा.

सौर विजेवर सर्व काम भागवूं म्हणणारेही भेटतात. त्यांनीं असा हिशेब करावा. एका गुंठ्यांत ढोबळ मानानें दहा किलोवॅटच्या पाट्या बसतात, आणि एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. म्हणजे एक गुंठा ऊन दिवसाला एक मोटार भरतें, आणि आभाळ असलें तर तीही नाहीं. जोडधंदा म्हणून सौर पाट्या उत्तम. त्यांची सांवली गाडीवर पडेल हा लाभ वेगळाच. पण त्यांच्या भरंवशावर ठाणें चालणार नाहीं.

उत्पन्नाच्या गोष्टी ऐकतांनाही बोटें मोजावीं. ६० किलोवॅटचें यंत्र दिवसरात्र चाललें तर १,४४० युनिट देईल, हा आंकडा सांगून लोक भुलवितात. पण दिवसाला पांच मोटारी आल्या व प्रत्येकीनें २५ युनिट घेतलीं तर विक्री १२५ युनिटांची, म्हणजे शक्तीच्या शेंकडा नऊ भागांइतकीही नाहीं. मोटार येवो न येवो, जोडणीचा स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, मोठें यंत्र एकट्या शेतकऱ्यानें कर्ज काढून आज बसवूं नये. यंत्राची जोखीम कंपनीची असावी. जमीन, सांवली आणि त्या तासाचा व्यापार आपला असावा. स्वतःचें कांहीं करावयाचेंच असेल तर ढाब्याच्या किंवा फळांच्या दुकानाच्या जोडणीवर लोड वाढवून घेऊन सात किलोवॅटपर्यंतचें लहान यंत्र बसवावें. मुक्कामास राहणाऱ्या प्रवाशास रात्रभरांत तें पुरतें. जेथें विकास सोसायटीची, साखर कारखान्याची किंवा बाजार समितीची जागा हमरस्त्यावर आहे तेथें मात्र मोठ्या यंत्राचा विचार संस्थेनें अवश्य करावा, कारण जागा, राखणदार व हिशेब ठेवणारा मनुष्य तेथें आधींच असतो.

दुसरा विचार जमिनीचा. समृद्धीसारख्या महामार्गास दोन्ही अंगांनीं कुंपण असतें. ज्याचें शेत त्यास लागून आहे त्यास रस्ता दिसतो, पण रस्त्यावरून त्याच्याकडे कोणी येऊं शकत नाहीं. अशा पट्टीची ठाण्यासाठीं किंमत शून्य. जो कोणी "समृद्धीलगत जमीन" म्हणून तिचें भाडें ठरवूं पाहील त्यास आधीं विचारावें कीं, मोटार आंत येणार कोठून? किंमत आहे ती चढण्या-उतरण्याच्या फांट्याजवळच्या जमिनीस, आणि जुन्या खुल्या हमरस्त्यांवरील जमिनीस. तेथेंही रस्त्यास तोंड फोडण्यास रस्त्याच्या खात्याची लेखी परवानगी हवी. तोंडी "होऊन जाईल" याचा कांहीं उपयोग नाहीं.

कागदाच्या बाबतींत थोडे विस्तारानें लिहितों, कारण तें आमच्या जन्माचें काम होतें. सातबारावर नांवें सामाईक असतील तर सर्व खातेदारांच्या सह्या घ्याव्या. एका भावानें केलेला पट्टा दुसरा भाऊ मोडतो आणि दोघेही कोर्टाची पायरी चढतात. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून तिचा व्यवहार करूं नये. कुळकायदे तिन्ही भागांचे निराळे आहेत, पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा, मराठवाड्याचा १९५० चा व विदर्भाचा १९५८ चा. त्यांत बिनशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर निर्बंध आहेत. म्हणून पट्टीचा बिगरशेती वापर आधीं कायम करून घ्यावा व मगच पट्टा करावा. बिगरशेतीचे नियम अलीकडे वेळोवेळीं बदलले आहेत, तेव्हां शेजाऱ्यानें पांच वर्षांपूर्वीं काय केलें हें न पाहतां तहसील कचेरींत आजचा नियम विचारावा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदविलाच पाहिजे. साध्या स्टँपावरच्या नऊ वर्षांच्या कराराचें मोल पंचांगाहून अधिक नाहीं.

पट्ट्यांत कोणत्या गोष्टी असाव्या? भाडें ठराविक असावें, आणि त्यावर विकलेल्या युनिटामागें कांहीं वांटा असावा. मीटरचे आंकडे दरमहा जमीनमालकास दाखविण्याचें बंधन असावें. वीजबिल कंपनीच्या नांवें असावें, आपल्या नांवें कदापि नसावें. नाहीं तर कंपनी उठून गेल्यावर थकबाकी आपल्या माथीं बसते. मुदत संपल्यावर पाया, केबल व लोखंड काढून जमीन पूर्ववत् करून देण्याचा खर्च कोणाचा, तें लिहावें. जेवणाचें व मालाचें दुकान चालविण्याचा हक्क जमीनमालकाकडे राखून ठेवावा. हें कलम कंपनीचे लोक हळूच गाळूं पाहतात. आणि सर्वांत अगत्याचें कलम यंत्र चालू ठेवण्याचें. यंत्र लागोपाठ पंधरा दिवस किंवा वर्षांतून मिळून तीस दिवस बंद राहिलें तर जमीनमालकास पट्टा रद्द करण्याचा अधिकार असावा. कंपनीस बंद यंत्राचें फार वाटत नाहीं, तिचीं इतर शंभर असतात. आपल्या दारांत मात्र एकच, आणि तें बंद असल्याची बातमी फोनच्या नकाशावर चढली म्हणजे प्रवासी आपल्या दुकानासह सबंध जागाच टाळूं लागतात.

आगाऊ पैसे मागणारांविषयीं एवढेंच. मोबाइलचा मनोरा बसवितों म्हणून नोंदणीच्या नांवाखालीं पैसे उकळणारे लोक आमच्या वाचकांपैकीं अनेकांस भेटले असतील. तेच लोक उद्यां चार्जिंगचें नांव घेऊन येतील. जमीन आपण देत असतां पैसे आपणच भरावे हा व्यवहार कोणत्याही बाजारांत नाहीं. कंपनीचा मनुष्य आला तर त्याच कंपनीचें आधीं चालू असलेलें एक ठाणें जाऊन पहावें, तेथील यंत्रास मोटार लावलेली दिसते काय तें पहावें, आणि त्या जागेच्या मालकास भाडें केव्हां मिळालें तें विचारावें. पट्ट्याचा मसुदा सही करण्यापूर्वीं वकिलास दाखवावा. पट्टा नोंदविल्यावर गांव नमुना बारांत वापराची व इतर हक्कांत पट्ट्याची नोंद नीट झाली कीं नाहीं हें तलाठ्याकडून उतारा घेऊन स्वतः वाचून पहावें, आणि मुदतीचें वर्ष चुकलें असेल तर त्याच वेळीं अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावें.